आज्ञावलीचा दुसरा वाचक

२२ जुलै १९६२ रोजी पहाटे फ्लॉरिडातील केप कॅनॅव्हरल येथून शुक्राच्या दिशेने ‘मरिनर १’ हे यान सोडण्यात आले. उड्डाणानंतर पाच मिनिटेही पुरी झाली नाहीत तोच अग्निबाण मार्ग सोडून भलतीकडे वळू लागला, आणि अखेर सुरक्षाधिकाऱ्याला तो आकाशातच नष्ट करण्याचा हुकूम द्यावा लागला. चौकशीत दोन कारणे पुढे आली. अग्निबाणाच्या वेगाची वार्ता देणारे उपकरण नीट चालेना, हे पहिले कारण. असा प्रसंग ओढवल्यास जिने सावरून घ्यावयाचे, त्या मार्गदर्शक आज्ञावलीतच एक चिन्ह गळलेले होते, हे दुसरे. काही वृत्तान्तांत या चिन्हाला संयोगचिन्ह म्हटले आहे. काहींच्या मते ती समीकरणातील एका अक्षराच्या डोक्यावर असावयाची आडवी रेघ होती आणि हस्तलिखितावरून नक्कल करताना ती सुटली. रेघ असो वा संयोगचिन्ह, ते गळल्यामुळे यंत्राने किरकोळ चढउतार खरे मानले आणि नसलेल्या बिघाडावर इलाज करता करता खरा बिघाड ओढवून घेतला. पुढे २७ ऑगस्टला ‘मरिनर २’ निघाले आणि १४ डिसेंबर १९६२ रोजी ते शुक्राजवळून सुखरूप पुढे गेले. तोवर ती रेघ अर्थातच जागेवर आली होती.

ही चूक अज्ञानाची नव्हती. ती लिहिणाऱ्याला गणित येत होते आणि तपासणाऱ्यालाही येत असणार. ज्याला आपण मराठीत ‘नजरचूक’ म्हणतो, त्या जातीची ती होती. या शब्दातच रोगाचे निदान आहे. आपण लिहिलेले आपण वाचतो तेव्हा डोळा कागदावरचे वाचीत नाही, मनातले वाचतो. ज्यांनी आपल्या पुस्तकाची मुद्रिते स्वतः तपासली आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. चार वेळा वाचून निर्दोष ठरविलेल्या पानावर नवखा वाचक पहिल्याच दृष्टिक्षेपात चूक दाखवितो. म्हणून छापखान्यांनी मुद्रितशोधक नेमले. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या व्यवसायात मात्र हा शहाणपणा यावयास बराच काळ जावा लागला. तो आल्यावर त्याला साजेशी साधने कशी निर्माण झाली आणि ती सर्वांसाठी खुली कशी झाली, त्याचा वृत्तान्त मला सांगावयाचा आहे.

संगणकाची आज्ञावली म्हणजे अखेर एक मजकूरच असतो. तो कोणीतरी ओळीमागून ओळ लिहितो. आपल्या गद्यात एखादा काना किंवा अनुस्वार राहिला तरी सुजाण वाचक अर्थ लावून घेतो. यंत्राजवळ ही सुजाणता नाही. ते सांगितलेले तंतोतंत करते, आणि सांगितले भलतेच असले तर तेही तितक्याच निष्ठेने करते. त्यामुळे यंत्राच्या हाती देण्यापूर्वी तो मजकूर माणसाने वाचावा ही सूचना मुळात साधी होती. अडचण आली ती माणसाच्या स्वभावाची.

जेरल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रोग्रामरांच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. या विषयावरील पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथांत त्याची गणना होते. प्रोग्रामर आपल्या आज्ञावलीला स्वतःचे अपत्य समजतो. तिच्यात दोष निघाला की तो आपल्यावरचा आरोप मानतो, आणि म्हणून ती दुसऱ्याच्या दृष्टीस पडू देत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. यावर त्यांनी सुचविलेला उपाय अहंकारत्यागाचा होता. हा शब्द आपल्याकडे संतांच्या मुखी शोभतो; एका अमेरिकन अभियंत्याने तो कार्यालयीन शिस्त म्हणून सांगावा याची गंमत वाटते. पण वाइनबर्ग नुसता उपदेश करीत नव्हते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान स्वतःला फार वाईट प्रोग्रामर म्हणवून घेत आणि आपले लेखन चुका शोधण्यासाठी इतरांच्या हाती आवर्जून देत, असे त्यांनी नोंदविले आहे. दुसरी हकीकत एका सामान्य सहकाऱ्याची आहे. त्याने एके दिवशी आपले लेखन एका सहकारिणीला दाखविले, तेव्हा तिने अवघ्या तेरा विधानांत सतरा चुका काढल्या. गृहस्थ रागावला तर नाहीच, उलट आपला हा पराक्रम तो दिवसभर सर्वांना सांगत हिंडला. फॉन नॉयमान यांच्यासारख्या प्रकांड पंडिताला नम्र होणे परवडते. मला या दुसऱ्या माणसाचे कौतुक अधिक वाटते.

पण संस्थेचा कारभार स्वभावावर सोडून चालत नाही. आय.बी.एम. या कंपनीतील मायकेल फेगन यांनी १९७६ साली कंपनीच्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला आणि परीक्षणाला विधीचे रूप दिले. चार माणसांनी एकत्र बसावे, त्यांतील एकाने सूत्रधार व्हावे, लेखकाखेरीज दुसऱ्याने मजकूर वाचीत अर्थ सांगत जावे, बैठक दोन तासांहून अधिक लांबवू नये, चुका फक्त नोंदवाव्या, त्या दुरुस्त कशा करावयाच्या याची चर्चा तेथे करू नये, असे त्याचे नियम होते. सर्वांत शहाणपणाचा नियम वरिष्ठांसाठी होता. या बैठकीत निघालेल्या दोषांचा उपयोग माणसाची योग्यता ठरविण्यासाठी करू नये, असे फेगन यांनी बजावले. चूक कबूल केल्याने बढती हुकणार असेल तर पुढच्या खेपेस चूक कबूल करावयास कोण पुढे येणार?

फेगन यांच्या पद्धतीने चुका पुष्कळ सापडू लागल्या, परंतु ती महाग होती. चार माणसे एका खोलीत, एका वेळी, तयारी करून जमवावयाची! १९९३ साली बेल प्रयोगशाळेतील लॉरेन्स व्होटा यांनी ही बैठक खरोखरीच हवी काय, असा रोखठोक प्रश्न विचारला. बहुतेक चुका माणसांना आपापल्या जागी एकट्याने वाचतानाच सापडलेल्या असतात आणि बैठकीत नव्याने फारसे काही निघत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे मर्म वाचनात होते, बैठकीत नव्हते. एरवी कोणाच्या लक्षात न येणारा हा निष्कर्ष पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली ठरला. वाचकाने लेखकाच्या खोलीतच असले पाहिजे असे नसेल, तर तो दुसऱ्या शहरातही चालेल. दुसऱ्या खंडातही चालेल.

त्या खंडांत तो तोवर वाचू लागलाही होता. बेल प्रयोगशाळेतच १९७०च्या दशकात ‘डिफ’ नावाची एक छोटी आज्ञावली तयार झाली होती. जुना आणि नवा असे दोन मजकूर तिला दिले की कोणत्या ओळी गळल्या आणि कोणत्या नव्याने आल्या हे ती वेगळे काढून दाखवी. १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ ही तिची जोडीदारीण लिहिली; फरकाची ही यादी जुन्या मजकुराला लावून ती नवा मजकूर तयार करी. पॅच म्हणजे ठिगळ. या दोन साधनांनी परीक्षणाचे स्वरूपच पालटले. हजारो ओळींचा ग्रंथ वाचण्याऐवजी आता पंधरा-वीस ओळींचे ठिगळ वाचून भागे, आणि ते पत्रातून धाडता येई. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ जगापुढे ठेवले, तेव्हा त्याची वाढ झाली ती याच मार्गाने. कोणी तरी ठिगळ पाठवावयाचे, दुसऱ्याने त्यातील एकेका ओळीखाली आपला आक्षेप लिहून उत्तर द्यावयाचे, पहिल्याने सुधारून पुन्हा पाठवावयाचे. त्या उत्तरांची भाषा कित्येकदा इतकी तिखट असे की वाइनबर्ग यांच्या अहंकारत्यागाची परीक्षा येथे दररोज होई.

१९९७ साली एरिक रेमंड यांनी या पद्धतीची मीमांसा केली आणि पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणतीही चूक फार काळ खोल दडून राहत नाही, असा सिद्धान्त टोरवाल्ड्स यांच्या नावाने मांडला. १९९८च्या मार्चअखेर नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाची मूळ संहिता सर्वांस खुली केली. ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोगही त्याच वर्षी रूढ झाला. मराठीत आपण त्याला मुक्त स्रोत म्हणतो. या सिद्धान्तातील ‘पुरेसे असतील तर’ ही अट लोक बोलताना गाळू लागले. तिची आठवण पुढे फार महागात करून घ्यावी लागली. ती हकीकत ओघाने येईलच.

आता या कथेतील मुख्य पात्राकडे वळू. ग्विदो व्हान रॉसम हे डच गृहस्थ. १९८९च्या डिसेंबरात अॅम्स्टरडॅमच्या गणित व संगणक संस्थेत असताना त्यांनी ‘पायथन’ ही संगणकभाषा लिहावयास घेतली आणि १९९१च्या फेब्रुवारीत ती जगाला दिली. आज तिचे नाव महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना ठाऊक असते. २००५ साली ते गूगल कंपनीत दाखल झाले. त्या कंपनीत एक कडक दंडक होता: कोणाचीही आज्ञावली, मग तो कितीही ज्येष्ठ असो, दुसऱ्याने वाचून संमती दिल्याखेरीज मुख्य भांडारात जावयाची नाही. दंडक चांगला, पण व्यवहार चाले तो पत्रांनी. एका बदलासाठी पाच-सात पत्रे होत, कोणता आक्षेप कोणत्या ओळीवर होता हे तिसऱ्या पत्रापर्यंत समजेनासे होई, आणि कोणाच्या टेबलावर कोणाचे काम अडून आहे याचा हिशेब कोणाजवळच नसे. व्हान रॉसम यांनी तेथे हाती घेतलेले पहिले मोठे काम म्हणजे या अडचणीवर तोडगा काढणे.

त्यांनी केलेली रचना आज इतकी परिचित झाली आहे की तिच्यात शोध तो कोणता, असे वाटावे. पडद्यावर डाव्या बाजूस जुना मजकूर, उजव्या बाजूस नवा. गळलेल्या ओळी एका रंगात, आलेल्या दुसऱ्या रंगात. वाचकाने हव्या त्या ओळीवर टिचकी मारावी आणि तेथेच आपला शेरा लिहावा. लेखकाने त्याखाली उत्तर द्यावे. सुधारलेला मजकूर आला की जुने शेरे आपल्या जागी दिसावेत, आणि आपल्यासाठी कोणाचे काम थांबले आहे याची यादी प्रत्येकाला मिळावी. पुस्तकाच्या समासात टीपा लिहिण्याची प्रथा आपल्याकडे पोथ्यांच्या काळापासून आहे; व्हान रॉसम यांनी आज्ञावलीला समास दिला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. या साधनाचे नाव त्यांनी आपल्या देशातील चित्रकार पीट मोंद्रियान यांच्यावरून ‘मोंद्रियान’ असे ठेवले. काळ्या सरळ रेघा आणि त्यांत लाल, निळ्या, पिवळ्या रंगांचे चौकोन काढणारा हा चित्रकार; दोन स्तंभांत रंगीत पट्टे दाखविणाऱ्या साधनाला त्याचे नाव शोभले.

२००६च्या नोव्हेंबरात व्हान रॉसम यांनी एका व्याख्यानात हे साधन बाहेरच्यांना दाखविले आणि ऐकणाऱ्यांनी साहजिकच ते मागितले. परंतु ते देता येईना. इच्छा नव्हती असे नव्हे. ‘मोंद्रियान’ ज्या पायावर उभे होते त्यांतील ‘बिगटेबल’ हा माहितीचा साठा त्या कंपनीच्या घरचा होता, मजकुराच्या आवृत्त्या सांभाळणारी ‘परफोर्स’ ही प्रणाली व्यापारी होती, आणि इतर अनेक खांब घरातल्या घरात रोवलेले होते. एखाद्या वाड्याच्या भिंतीत बसविलेला कोनाडा उचलून शेजाऱ्याला कसा द्यावा? येथे मुक्त स्रोताच्या मार्गातील एक अडचण दिसते, जिचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही. साधन खुले करणे म्हणजे केवळ परवाना बदलणे नव्हे. ते आपल्या घरापासून सोडवावे लागते, आणि पुष्कळदा ते सोडविण्यापेक्षा नवे बांधणे सोपे पडते.

व्हान रॉसम यांनी नवे बांधले. २००८च्या एप्रिलमध्ये गूगलने ‘अॅप एंजिन’ ही सेवा सुरू केली, म्हणजे कोणीही आपली आज्ञावली कंपनीच्या यंत्रांवर चालवावी अशी सोय. तिचा नमुना म्हणून त्यांनी परीक्षणाचे साधन पायथन भाषेत पुन्हा पहिल्यापासून लिहिले, त्यात ‘सबव्हर्जन’ या मुक्त प्रणालीची सोय केली, आणि मे महिन्यात ते संहितेसकट जगापुढे ठेवले. याचेही नाव डच, आणि त्याच ‘द स्टाइल’ नामक कलासंप्रदायातील: ‘रीटफेल्ट’. गेरिट रीटफेल्ट हे १८८८ ते १९६४ या काळातील सुतार आणि वास्तुकार. उत्रेख्त शहरी १९२४ साली त्यांनी बांधलेले श्रोडर गृह आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यांची लाल-निळी खुर्ची मी छायाचित्रांतूनच पाहिली आहे, पण ती विसरता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या मापाच्या पट्ट्या, दोन फळ्या आणि न झाकलेले सांधे! प्रत्येक पट्टी दुसरीला ओलांडून थोडी पुढे जाते, जेणेकरून खुर्ची कशी जोडली आहे हे बसणाऱ्याला दिसावे. मोंद्रियान यांचे चित्र भिंतीवर राहते आणि रीटफेल्ट यांची खुर्ची कोणाही सुताराला करून पाहता येते. बंद साधनाला चित्रकाराचे आणि खुल्याला सुताराचे नाव मिळाले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

साधन लहान होते आणि लहानच राहावे अशी त्याच्या कर्त्याची इच्छा होती. ‘क्रोम’ हा न्याहाळक ज्या मुक्त प्रकल्पातून तयार होतो त्या ‘क्रोमियम’चे लेखक कित्येक वर्षे एकमेकांचे काम रीटफेल्टवर वाचीत. २००९ साली खुली झालेली ‘गो’ ही संगणकभाषाही आरंभी तेथेच तपासली गेली. परंतु याच्या थोरवीचे खरे गमक त्याच्या एका अपत्यात आहे, आणि ते अपत्य मतभेदातून जन्मले.

२००८च्या ऑक्टोबरात ‘अँड्रॉइड’ या भ्रमणध्वनी-प्रणालीची संहिता खुली झाली. तिच्यात असंख्य कंपन्यांचे हितसंबंध गुंतलेले. कोणी वाचावे, कोणी संमती द्यावी, कोणाची संमती निर्णायक मानावी, याचे काटेकोर अधिकार ठरविणे तेथे अपरिहार्य होते. शॉन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी अधिकारव्यवस्था रीटफेल्टमध्ये घालावयास घेतली. व्हान रॉसम यांना ती गुंतागुंत आपल्या साधनात नको होती. बंद कारखान्यात असा प्रसंग आला असता तर वरिष्ठाचा शब्द अखेरचा ठरता, आणि एकाची कल्पना दुसऱ्याच्या मेजाखाली पडून राहती. संहिता मुक्त असल्यामुळे येथे दोघेही बरोबर ठरू शकले. पिअर्स यांनी वेगळी शाखा काढली. ती मूळ साधनाहून इतकी निराळी झाली की तिला स्वतंत्र नाव देणे भाग पडले. वास्तुकाराचे आडनाव आधीच खर्ची पडले होते. उरलेले पहिले नाव या शाखेने घेतले. अशा रीतीने ‘गेरिट’ अस्तित्वात आला, आणि थोड्याच काळात पायथन सोडून तो जावा भाषेत मुळापासून पुन्हा लिहिला गेला.

गेरिटची कार्यपद्धती थोडी उलगडून सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात एक लहानशी राज्यघटनाच दडली आहे. टोरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेल्या ‘गिट’ या प्रणालीवर तो उभा आहे. लेखकाने धाडलेला बदल थेट भांडारात जात नाही. तो उंबरठ्याबाहेर थांबतो. वाचक त्याला गुण देतात. अधिक एक म्हणजे ‘मला हे ठीक वाटते, पण निर्णय दुसऱ्याने करावा’. अधिक दोन म्हणजे ‘आत येऊ द्या’. उणे एक म्हणजे ‘असे नसावे, पण अडवीत नाही’. उणे दोन म्हणजे निषेधाधिकार. दोन ‘अधिक एक’ मिळून ‘अधिक दोन’ होत नाहीत, आणि एकदा उणे दोन पडले की ते देणाऱ्याने मागे घेईपर्यंत कितीही अनुकूल गुण मिळाले तरी बदल आत जात नाही. लेखक सुधारणा करून पुनःपुन्हा पाठवितो, पण बदलाची ओळख तीच राहते. त्यामुळे पहिल्या कच्च्या मसुद्यापासून शेवटच्या रूपापर्यंतचा सारा इतिहास, आक्षेप व उत्तरांसह, कोणालाही वाचता येतो. सरकारी कचेरीतील टिपणीच्या फायलीशी परिचय असलेल्यांना यात ओळखीचे काही वाटेल. फरक एवढाच की ही फाईल सर्वांसाठी उघडी असते.

अशी साधने एकाच ठिकाणी झाली असे मात्र नव्हे. क्रिस्टियन हॅमंड आणि डेव्हिड ट्रोब्रिज या दोघा अभियंत्यांनी २००६ सालापासून ‘रिव्ह्यू बोर्ड’ रचण्यास आरंभ केला होता. फेसबुक कंपनीत इव्हान प्रीस्टली यांनी लिहिलेले ‘फॅब्रिकेटर’ २०११ साली मुक्त झाले. त्याचे काम २०२१ साली त्याच्या कर्त्यांनी थांबविले, तेव्हा वापरणाऱ्यांनी शाखा काढून ते पुढे चालू ठेवले. आणि २००८ सालीच ‘गिटहब’ सुरू झाले. तेथील ‘पुल रिक्वेस्ट’ची पद्धत आज बहुसंख्य प्रोग्रामरांची नित्याची सवय आहे. गिटहबवर मुक्त प्रकल्प लक्षावधी आहेत, परंतु त्याची स्वतःची संहिता मुक्त नाही, हा विरोधाभास कोणाला खटकताना फारसा दिसत नाही. मला खटकतो.

एवढ्या खटाटोपातून मिळाले काय? २०१३ साली अल्बर्टो बाकेली आणि क्रिस्टियन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्ट कंपनीतील परीक्षणांचा अभ्यास केला. परीक्षण कशासाठी, असे विचारता बहुतेकांनी ‘चुका शोधण्यासाठी’ असे उत्तर दिले. प्रत्यक्ष शेरे पाहिले तर त्यांत खऱ्या चुकांविषयीचे थोडे, आणि मजकूर सुबोध करण्याविषयीचे अधिक. पदरात पडत होती ती एकमेकांच्या कामाची जाण. २०१८ साली गूगलमधील नव्वद लाख परीक्षणांवर आधारलेला एक प्रबंध प्रसिद्ध झाला. बदलाचा मध्यम आकार अवघा चोवीस ओळींचा, आणि चारांपैकी तीनांहून अधिक बदलांना वाचक एकच. रेमंड यांच्या असंख्य डोळ्यांचे प्रत्यक्षातील रूप हे असे आहे: एक लेखक, एक वाचक, चोवीस ओळी.

एकच वाचक असला आणि त्याचीही नजर चुकली तर? ३१ डिसेंबर २०११ रोजी ‘ओपनएसएसएल’ या मुक्त आज्ञावलीत एक लहानशी भर पडली. जगातील असंख्य संकेतस्थळांवरील गुप्त व्यवहार तिच्या आधारे चालत. नव्या सोयीने एक यंत्र दुसऱ्याला म्हणे, ‘हा माझा शब्द, इतक्या अक्षरांचा, तो मला परत ऐकव, म्हणजे तू जागा आहेस हे समजेल.’ शब्द खरोखरीच तेवढ्या अक्षरांचा आहे की नाही, हे पाहण्याची ओळ लिहावयाची राहिली. चार अक्षरे देऊन ‘साठ हजार परत कर’ असे म्हटले, तर यंत्र बिचारे आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूर, मग त्यात परवलीचे शब्द असोत की गुप्त किल्ल्या, उचलून देई. हा बदल दुसऱ्या माणसाने वाचला होता. त्यालाही उणीव दिसली नाही. २०१२च्या मार्चमध्ये तो बदल प्रसृत झाला आणि ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ या नावाने उघड झाला. दोन वर्षांहून अधिक काळ ती संहिता कोणालाही वाचावयास खुली होती. उघडे दार आणि आत आलेला पाहुणा यांत अंतर आहे. ज्या प्रकल्पावर इतक्यांचा विश्वास होता त्याचा भार मूठभर माणसांवर होता, आणि त्या विश्वासाची किंमत मोजण्याची गरज आजवर कोणाला भासली नव्हती. त्या घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला, हे खरे.

दहा वर्षांनी याहून विलक्षण प्रकार घडला. ‘एक्सझेड’ या मजकूर आकुंचित करणाऱ्या लहान मुक्त साधनाचा भार व्यवहारतः एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. टोपणनावाने वावरणाऱ्या कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत केली, विश्वास संपादिला आणि अधिकार मिळविले. मग २०२४ साली त्या साधनात चोरवाट बसविली. तिचा कळीचा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या संहितेत नव्हताच. वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तो मागाहून घातला होता. म्हणजे परीक्षणाचा दिवा जेथवर पोहोचतो त्याच्या एक पाऊल पलीकडे! अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अकारण विलंब जाणवला. त्याचे कारण शोधताना ही चोरवाट सापडली आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ती जाहीर केली. बहुतेकांच्या यंत्रांवर ती पोहोचण्यापूर्वी हे घडले, ही केवळ सुदैवाची गोष्ट. त्या थकलेल्या स्वयंसेवकाला दोष देण्याचा अधिकार मला तरी कोणाचा दिसत नाही. त्याला खरोखर मदत करू शकतील असे वाचक त्याच्या वाट्याला आले नाहीत. वाचकाच्या वेषात आला तो चोर.

साधन वाचनाला जागा देते, वाचक देत नाही. ही मर्यादा रीटफेल्टची, गेरिटची आणि त्यांच्या सर्व भावंडांची आहे. गेरिटचे कर्ते शॉन पिअर्स यांचे २०१८च्या जानेवारीत अकाली निधन झाले. त्यांचे साधन आज इतर अनेकजण सांभाळतात, आणि त्यातील बदल गेरिटवरच तपासले जातात. रीटफेल्ट मागे पडला. ‘गो’चे लेखक गेरिटकडे गेले, मागून ‘क्रोमियम’चेही गेले.

मराठी माणसाचा या सर्वांशी संबंध काय, असे कोणी विचारील, तर तो दररोजचा आहे. आपल्या हातातील बहुतेक भ्रमणध्वनी ज्या अँड्रॉइडवर चालतात तिची मुक्त संहिता गेरिटच्या उंबरठ्यावरून आत गेलेली आहे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तो ज्या ‘मीडियाविकी’ आज्ञावलीवर चालतो तिचे परीक्षण २०१२ सालापासून गेरिटवर होऊ लागले. त्या आज्ञावलीत भर घालणारे पुष्कळसे स्वयंसेवक आहेत. त्यांतील कोणी रात्री आपल्या घरी बसून दहा ओळी लिहितो आणि पाठवितो. पलीकडे कोणी वाचणारा मोकळा असेल तर उत्तर उद्या येते, नसेल तर महिनोन्‌महिने येत नाही. तोवर तो बदल तेथेच असतो, सर्वांना दिसेल असा, आणि त्याच्यापुढे गुणांची जागा रिकामी असते.